कणीएवढा तुकडा

आमच्या जेवणाच्या टेबलावर मी एका माणसाच्या गुणसूत्राचा तुकडा कापून टाकला, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. गुणसूत्र फोटोतलं होतं आणि तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. त्या कणीमुळे लखनौच्या अमीनाबाद बाजारातल्या एका बाईवर सासर सुटायची वेळ आली. पुढे मी वर्तमानपत्रांत नोकरी केली आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांचा मजकूर कापला. त्याचा पगार मिळत असे. आई गेल्यावर तिच्याबद्दल लिहा असे दोन-तीन ठिकाणांहून निरोप आले. निरोप पाठवणाऱ्यांना तिचा पुरस्कार हवा होता, खडतर बालपण हवं होतं आणि शेवटी तरुण मुलींना संदेश हवा होता. यातलं पहिलं सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि तिसरा तिने दिला नसता. मला त्या वर्षांतली तिची पाठ आठवते. संध्याकाळी दारातून आत आल्यावर चप्पल काढायला वाकायची आणि तशीच थोडा वेळ वाकलेली राहायची.

आई भंडारा जिल्ह्यातली. शिष्यवृत्त्यांवर शिकत नागपूरला आली आणि तिथून नोकरीसाठी लखनौला. एका वैद्यकीय महाविद्यालयात तिने माणसाची गुणसूत्रं तपासायची प्रयोगशाळा उभी केली. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, रक्ताच्या बाटल्या उबेत ठेवायची एक पेटी आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक, ज्याच्या कपाटाची किल्ली विभागप्रमुखांकडे असे. बाबा रेल्वेच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन होते. इंदिरा नगर तेव्हा नवं होतं. आमच्या मागच्या ओळीतली घरं अर्धवट होती आणि त्यापलीकडे गव्हाची शेतं सुरू व्हायची. मेश्राम हे आमचं आडनाव तिथल्या लोकांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून पहिली काही वर्षं आई गल्लीत मिश्रा मॅडम होती आणि शेजारणी तिला सत्यनारायणाचं बोलावणं पाठवत. बाबांनी दारावर पाटी लावली तेव्हा बोलावणी कमी झाली. समोरच्या शुक्लाजींनी एकदा विचारलंच, "आप लोग वैसे होते कौन हैं?" बाबा म्हणाले, "सरकारी." शुक्लाजी हसले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, बाबांनी उत्तर दिलं नाही, आणि दोघं नंतर बरीच वर्षं एकाच सायकलपंपाने हवा भरत राहिले.

घरात मराठी चालायची, पण ती उंबऱ्यापर्यंतच. आई मराठीत विचारायची, मी हिंदीत उत्तर द्यायची, बाबा दोन्हींची भेळ करायचे. "विशू, सब्जीवाला आला का बघ, आणि भैयाला म्हण, काल की लौकी कडवी निकली." सकाळी रॉकेलच्या स्टोव्हचा आवाज, मग कुकरच्या शिट्ट्या, मग बाबांची बुद्धवंदना, ती दाढी करता करता चालायची. ज्वारी लखनौत मिळत नसे. नागपूरहून कोणी आलं तर पिठाची पिशवी यायची आणि दोन आठवडे भाकरी व्हायच्या, त्याही पुरवून पुरवून. एरवी वरणफळं, कारण त्यांना एकच भांडं लागतं. आईचा स्वयंपाक एका भांड्याचा होता. ती त्याबद्दल ना ओशाळायची, ना सांगत बसायची. उन्हाळ्यात काकडीवाला यायचा, लखनौच्या त्या बोटाएवढ्या बारीक काकड्या, आणि आई त्या न चिरता, उभ्या उभ्या, मीठ लावून खायची. कित्येकदा तिचं रात्रीचं जेवण तेवढंच असे.

शनिवारी ती तपकिरी पाकिटं घेऊन यायची. त्यांत काय असे ते सांगायला हवं, कारण आता ते काम यंत्र करतं आणि माझ्या भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिला मी थट्टा करते आहे असं वाटलं. माणसाचं थोडं रक्त घ्यायचं, तीन दिवस उबेत वाढवायचं, मग काचेवर पसरायचं. एखाद्या पेशीतली गुणसूत्रं नीट सुटी पसरली असली तर सूक्ष्मदर्शकातून तिचा फोटो काढायचा. फोटो हाताएवढा मोठा करून छापला की पांढऱ्या कागदावर सेहेचाळीस काळ्या आकृत्या दिसत, वाटेल तशा पडलेल्या. त्या एकेक कात्रीने कापायच्या, लांबीप्रमाणे लावायच्या, प्रत्येकीचा जोडीदार शोधायचा आणि तक्त्यावर डिंकाने चिकटवायच्या. बाबा त्यांना आईच्या अळ्या म्हणायचे. तक्ता पूर्ण झाला की आई तो वाचायची. कुठे एक जास्त, कुठे एक कमी, कुठे एखादीची लांबी वेगळी. त्यावरून ती लोकांना सांगायची, मूल असं का झालं, किंवा का होत नाही. पाकिटावर नाव नसे, फक्त क्रमांक.

प्रयोगशाळेत मदतनीस एकच होता आणि त्याला विभागप्रमुख स्वतःच्या कामाला लावत. म्हणून कापाकापी आमच्या घरी होई. आधी आई एकटी करायची. मग तिचे डोळे दुखू लागले आणि मी बसू लागले. माझा हात चांगला होता. तो बाबांनी तयार केला होता. ड्राफ्ट्समन माणूस, रेघेच्या आत कात्री नेली की त्यांना सोसवत नसे. "कात्री स्थिर ठेव, कागद फिरव," एवढंच ते म्हणायचे, आणि ते पुरेसं होतं. कात्री अमीनाबादहून आणलेली, चिकनकारीच्या भरतकामाचे धागे कापायची, टोकाला किंचित वाकलेली. तुकडे पोह्यांच्या ताटलीत ठेवायचे आणि मोजायचे. सेहेचाळीस भरले नाहीत तर कोणीही खुर्चीवरून उठायचं नाही. पंखा बंद. हा नियम बारा महिने होता, पण तो कळायचा मेपासून सप्टेंबरपर्यंत. एकदा बाबांनी विसरून बटण दाबलं आणि दोन लहान गुणसूत्रं उडाली. एक स्टोव्हखाली सापडलं. दुसरं संध्याकाळी बाबांच्या बनियनला चिकटलेलं निघालं. "घ्या, कुलदीपक," म्हणत त्यांनी ते चिमट्याने आईच्या हातावर ठेवलं. आई हसली होती त्या दिवशी. ती हसल्याचे प्रसंग मला मोजता येतात.

तो रविवार सप्टेंबरातला होता. पाऊस थांबलेला, हवा अंगाला चिकटणारी. पाकिटात एकाच माणसाचे तीन फोटो होते. काचेवर फोटो काढण्यासारख्या तीनच पेशी मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझी चाचणी होती आणि मला तक्ते संपवून आंघोळ करायची होती. पहिल्या फोटोत मोठ्या गुणसूत्रांपैकी एकाचा जोडीदार त्याच्याहून लांब निघाला. टोकाला कणीएवढं जास्त. गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असतात, एकाचं टोक दुसऱ्याला चिकटून आल्यासारखं दिसतं, हे मला माहीत होतं. अशा वेळी मध्ये कात्री घालून दोघांना वेगळं करायचं असतं. मी ते टोक शेजाऱ्याचं समजून कापलं. आता जोडी सारखी दिसत होती. मी ती चिकटवली.

दुसऱ्या फोटोत तेच होतं. त्याच गुणसूत्राला, त्याच टोकाला, तेवढंच जास्त. इथे शेजारी दुसरं गुणसूत्र नव्हतं. हे मी पाहिलं. हे मला दिसलं नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं, पण मला दिसलं होतं. मात्र पहिला तक्ता वाळून तयार होता. दुसरा त्याच्याशी जुळला नाही तर पहिला पुन्हा करावा लागला असता, आणि त्याचा कापलेला तुकडा तर मी केव्हाच कापलेल्या कागदाच्या कतरणीत टाकला होता. मी दुसरीकडेही कापलं. तिसऱ्या फोटोत मी थांबलेही नाही. तीन तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळले. कतरण नेहमीप्रमाणे बंबात गेली आणि मी त्याच पाण्याने आंघोळ केली.

आईने रात्रीच्या जेवणाआधी तक्ते पाहिले. ती पट्टी आणि कंपास घेऊन बसली. मग बाबांना म्हणाली, "ही अठरा नंबरची जोडी पाहा. जोडीतलं एक आखूड आहे. तिन्ही ठिकाणी."

"मग?"

"म्हणजे तुकडा तुटला. पण माणूस धडधाकट आहे. तुकडा हरवला असता तर तो असा दुकान चालवत बसला नसता. तो दुसरीकडे कुठेतरी जोडला गेला असणार. मग कुणीतरी तेवढंच लांब दिसायला हवं ना?"

"दिसत नाही?"

"नाही दिसत. गेला कुठे?"

मी तिथेच होते, ताटं मांडत होते. प्रश्न मला विचारलेला नव्हता, पण मी उत्तर देऊ शकले असते. त्याऐवजी मी विचारलं, "अचार कौन सा निकालूँ?" लिंबाचं, असं आई म्हणाली.

सोमवारी तिने काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पेशी थोड्या, त्याही धूसर. विभागप्रमुखांनी अहवाल अडकल्याबद्दल दोनदा टोकलं होतं. आठवड्याभराने तिने तो आखूडपणा नेहमीच्या फरकांत मोडतो असं धरलं आणि अहवालावर सामान्य असा शेरा लिहून सही केली. माझ्या सुबक तक्त्यांवर तिचा विश्वास होता. हे तिने मला नंतर एकदाच सांगितलं, आणि दोष देण्याच्या सुरात सांगितलं नाही. कामाची पद्धत कुठे चुकली ते पाहण्याचा तो सूर होता.

दिवाळीनंतर एके दिवशी दुपारी दारात सायकलरिक्षा थांबली. आईला कावीळ झाली होती आणि ती तीन आठवडे घरी होती. रिक्षातून पंचविशीची एक बाई उतरली, डोक्यावरून पदर, हातात घडी घातलेला कागद. सरोज तिचं नाव. अमीनाबादेत बटणं आणि साड्यांना लावायच्या गोटा-किनारीचं दुकान असलेल्या घरातली धाकटी सून. पाच वर्षांत चार वेळा दिवस राहिले होते आणि चारही वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेले होते. म्हणून आईने तिचं आणि तिच्या नवऱ्याचं रक्त तपासलं होतं. आई उशीला टेकून बसली. मी पाणी आणलं.

"मैडम, इसमें क्या लिखा है, ठीक-ठीक बता दीजिए," सरोज म्हणाली. "अंग्रेज़ी में है. जेठजी ने पढ़ा और बोले, भाई में कोई कमी नहीं निकली."

"नहीं निकली. पर तुम्हारी रिपोर्ट में भी नहीं निकली."

"वो उन्होंने नहीं पढ़ा."

सरोजने कागदाची घडी उघडून तो मांडीवर पसरला.

"दोनों ठीक हैं, तो बच्चा ठहरता क्यों नहीं?"

"हमको मालूम नहीं."

"अम्मा को मालूम है," सरोज म्हणाली. अम्मा म्हणजे सासू, जेठजी म्हणजे थोरला दीर. "कहती हैं, बीज अच्छा है तो खेत ही ख़राब होगा. अब तो लिखा हुआ भी मिल गया. अगले महीने मुझे बाराबंकी छोड़ आएँगे, मायके. उनके लिए लड़की भी देख रखी है." मग ती माझ्याकडे वळली. "बिटिया, पानी और मिलेगा? बहुत धूप थी रास्ते में."

पाण्याचा पेला ठेवताना मी तिच्या मांडीवरचा कागद पाहिला. वरच्या कोपऱ्यातला क्रमांक त्या पाकिटावरचा होता.

ती गेल्यावर मी आईला सांगितलं. खोलीच्या दाराशी उभी राहून, हिंदीत, कारण मराठीत सुरुवात जमेना. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती बातमीदारासारखी विचारत गेली.

"कोणत्या जोडीत?"

"दुसऱ्या."

"किती?"

"कणीएवढं."

"तिन्ही फोटोंत?"

"हो."

"एकाच बाजूला?"

"हो."

तेव्हा तिचा चेहरा उजळला. पिवळ्या पडलेल्या डोळ्यांत, क्षणभर, निखळ आनंद. हरवलेला तुकडा कुठे होता ते तिला कळलं होतं. असा बदल तिने तोवर कुठल्याच घरात पाहिला नव्हता, आणि तिच्या माहितीत कोणी त्याबद्दल लिहिलंही नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं जिथून सरोज गेली होती, आणि उजव्या हाताने तोंड झाकून घेतलं. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना लाज वाटताना पाहिलं आहे, कामाचा भागच होता तो. पण आनंद झाल्याची लाज मी त्या एकदाच पाहिली.

पुढे तिला जो पुरस्कार मिळाला तो अशाच अकरा कुटुंबांवरच्या कामासाठी मिळाला, आणि त्यातलं पहिल्या क्रमांकाचं कुटुंब म्हणजे हे. दिल्लीतल्या समारंभाला मी गेले होते. मानपत्रात अथक, अविश्रांत असे शब्द होते. मानपत्र वाचून होईपर्यंत तिला उभं ठेवलं होतं, आणि ती पायावरचा भार बदलत होती. खाली उतरल्यावर मला म्हणाली, "अविश्रांत कोणी लिहिलं? मला बसायला सांगायचं तरी." त्या कामावर पहिली काही वर्षं विभागप्रमुखांचं नाव आधी छापलं जात असे. त्याबद्दल मी तिला छेडलं तर ती म्हणायची, नाव कुठलंही असो, मापं माझी आहेत.

कावीळ पुरती उतरायच्या आतच ती कामावर गेली. नवऱ्याचं रक्त पुन्हा घ्यायला हवं होतं. तिने दुकानात निरोप पाठवला आणि तो आला, दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, भावाला न सांगता. सडपातळ, हळू बोलणारा माणूस, बाही वर करताना त्याने विचारलं, "पहली बार में कुछ रह गया था?" आई म्हणाली, "हाँ. ग़लती हमारे यहाँ हुई." या वेळी सुदैवाने पेशी चांगल्या पसरल्या. आईने नवे फोटो स्वतः कापले आणि कापण्याआधी प्रत्येक गुणसूत्र फोटोतच मोजलं. ती पद्धत मग तिने कायम ठेवली आणि तिच्या विद्यार्थ्यांनी पुढे नेली. तुकडा जिथे असायला हवा तिथे होता. तिने नवऱ्याला बोलावून समजावलं की यात त्याचा अपराध नाही, तो जन्मतःच असा आहे. काही गर्भ राहणार नाहीत, एखादा राहीलही, आणि राहिला तर मूल नीट असू शकेल. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सरोज को आप ही बता दीजिए. सब बता दीजिए. मुझसे घर में नहीं कहा जाएगा." तसं त्याने लिहूनही दिलं.

विभागप्रमुखांचं म्हणणं होतं की दिलेला अहवाल मागे घेण्याची पद्धत नाही. पुरवणी जोडा आणि चूक हा शब्द टाळा. आईने पहिला अहवाल रद्द केला आणि दुसऱ्यावर कारण लिहिलं, तक्ता करताना झालेली चूक. कोणाची ते लिहिलं नाही. त्या वर्षीची तिची बढती राहिली. दोन्हींचा संबंध आहे असं तिने कधी म्हटलं नाही आणि माझ्याकडे पुरावा नाही.

नवा अहवाल घेऊन ती अमीनाबादला गेली, मी बरोबर होते. ये असं ती म्हणाली नव्हती, येऊ नको असंही नाही. गल्लीत रिक्षा शिरेना, शेवटचा भाग आम्ही चालत गेलो. जेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांनी आईला स्टूल दिलं, आमच्यासाठी चहा सांगितला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"मैडम, यह भी अंग्रेज़ी में, वह भी अंग्रेज़ी में. दोनों पर दस्तख़त आपके. अब हम किसको मानें?"

"दूसरे को. पहला ग़लत था."

"कल को तीसरा आ गया तो?" ते हसून म्हणाले. उद्धटपणा नव्हता त्यात. गिऱ्हाइकाने परत आणलेलं कापड नाकारावं तसा सराईत गोडवा होता. "और बहू तो चली गई, पिछले हफ़्ते. चाय लीजिए, ठंडी हो रही है." आतल्या बाजूला नवरा लेसची रिळं लावत उभा होता. तो वळला नाही. आईने चहा संपवला. ती कुठल्याही घरी पुढे आलेला पेला अर्धा ठेवत नसे, तो लोकांनी पुढे केला याचंच तिला मोल होतं. त्याचं कारण मला फार उशिरा समजलं.

पुढच्या रविवारी आम्ही बसने बाराबंकीला गेलो. डिसेंबर, धुकं दहा वाजले तरी उठलेलं नव्हतं. आई खिडकीला डोकं टेकून झोपली आणि चिनहट गाव मागे पडल्यावर जागी होऊन म्हणाली, "तिला काय सांगायचं ते मी बोलेन. तू बोलू नकोस." मी मान हलवली. ती माझी बाजू सांभाळत होती हे मला कळत होतं, आणि त्यातून माझी सुटका होते आहे असं वाटून बरंही वाटत होतं.

सरोज माहेरच्या अंगणात खाटेवर बसून मटार सोलत होती. आम्हाला पाहून उठली, खाट झटकली. तिच्या आईला चुलीकडे पाठवलं. माझ्या आईने सगळं सांगितलं, तिच्या त्या अडखळत्या हिंदीत, हाताची बोटं एकमेकांना लावून, एकावरचा तुकडा दुसऱ्यावर कसा गेला ते दाखवत. सरोज मटार सोलत ऐकत राहिली. आईचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, "तो मुझमें कुछ नहीं था."

"कुछ नहीं था."

"पाँच साल से नहीं था."

"नहीं."

आईने अहवाल पुढे केला. सरोजने तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. "यह फिर जेठजी पढ़ेंगे. मुझे हिंदी में लिख दीजिए. आठवीं तक पढ़ी हूँ, अपना पढ़ लूँगी. अम्मा को मैं ख़ुद सुनाऊँगी. फिर देखूँगी, वहाँ रहना है कि नहीं."

आईचं हिंदी बोलण्यापुरतं होतं. लिहिताना तिला धास्ती वाटायची. माझं शाळेचं होतं. सरोजच्या भावाच्या वहीतून एक पान फाडून आलं. मी खाटेवर पाटी ठेवून त्यावर लिहायला बसले. आई मराठीत सांगायची, मी हिंदीत लिहायची, आणि प्रत्येक वाक्य लिहून झालं की आई ते वाचून पाहायची. एका ठिकाणी मी नवऱ्याच्या गुणसूत्रांत दोष आहे असं लिहिलं. आईने वाचून बोट ठेवलं. "दोष नको. अंतर लिही, फरक या अर्थाचं."

सरोजने विचारलं, काय बदललं. मी सांगितलं.

"दोष ही रहने दीजिए," ती म्हणाली. "मेरे लिए तो पाँच साल दोष ही कहा सबने."

"तुम्हारे लिए ग़लत कहा," आई म्हणाली. "उसके लिए भी ग़लत होगा."

"तो फिर मेरे हाथ में क्या रहा?"

मटारच्या साली खाटेखाली कोंबड्या उकरत होत्या. शेंगा बाजूला सारून सरोज म्हणाली, "अच्छा, अंतर लिखिए." मी लिहिलं.

मग पहिल्या अहवालाचं आलं. आईने सांगितलं, "लिही, पहिल्या वेळी फोटो कापताना तो तुकडा कापला गेला, म्हणून अहवाल चुकला." मी लेखणी उचलली. कापला गेला, असं वाक्य हिंदीतही होतं. व्याकरणात बसतं, खरं असतं, आणि त्यात कोणीच नसतं. अशी हजारो वाक्यं मी नंतर पास केली, पोलिसांची, मंत्र्यांची, रुग्णालयांची. त्या दिवशी मी लिहिलं, वह टुकड़ा मेरी बेटी विशाखा ने काट दिया था, और पूछने पर भी बताया नहीं. पूछने पर हे तितकंसं अचूक नव्हतं, आईने मला विचारलं नव्हतं. तरी मी ते ठेवलं.

आईने पान हातात घेतलं. ती हिंदी वाचताना ओठ हलवायची. त्या ओळीशी तिचे ओठ थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातातून लेखणी घेतली, खाली सही केली, कंसात पदवी लिहिली आणि पान सरोजला दिलं.

सरोजने पदर सारखा केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, शाळेत उभं करून वाचायला लावतात तशी, एकेका शब्दावर जोर देत. चुलीपाशी तिची आई हात थांबवून ऐकू लागली. नवऱ्याचं झालं, अंतराचं झालं, तिच्यात काही नाही हे झालं. तिथे तिचा आवाज जरासा चढला आणि परत खाली आला. मग ती त्या ओळीपाशी आली. वाचून थांबली. पान खाली केलं.

"विशाखा यही है?"

"हाँ," आई म्हणाली.

सरोजने मला पाहून घेतलं. रागाने नाही, मायेनेही नाही. बाजारात मोड परत घेताना नाण्याकडे पाहावं तसं. मला वाटत होतं की ती काहीतरी म्हणेल, आणि ते मी ऐकून घेणार होते. ती म्हणाली, "अच्छा." मग पान पुन्हा वर धरून शेवटच्या सहीपर्यंत वाचलं.

एवढ्यावर ती थांबली नाही. सासूसमोर अडखळायला नको म्हणून तिने पहिल्यापासून पुन्हा वाचलं, या वेळी भराभर, खड्या आवाजात. दुसऱ्यांदा वाचताना त्या ओळीपाशी ती थांबली नाही.